हिरडीचं कलम



१९४२ च्या ऑगस्ट क्रांतीनं ज्या आष्टीचं नाव देशभर झालं, तिथं हिरड्यांवर काय बोलायचं, असा मला संकोच वाटत होता. मग आठवलं, हा संत्र्याचा मुलूख. इथं कलम म्हणजे काय ते कुणाला शिकवावं लागत नाही.

घरी गेलात की आरशासमोर खालचा ओठ ओढून पाहा. दाताचा पांढरा भाग संपल्यावर खाली पिवळसर पट्टा दिसला, तर ते दाताचं उघडं पडलेलं मूळ. लोक म्हणतात, ‘दात लांब झाले.’ दात तेवढाच असतो, हिरडी उतरलेली असते. गार पाण्यानं कळ येते ती तिथंच.

हिरडी उतरते कशानं? काहीजण ब्रश असा चालवतात की जणू करपलेलं पातेलं घासताहेत. काहींच्या दातांवर वर्षानुवर्षांचं कीटण. आणि आपल्याकडचा खास मानकरी म्हणजे खर्रा. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना रोज गालात एकाच जागी दाबून ठेवायचा; मग तिथलीच हिरडी उतरते.

उतरलेली हिरडी कुठल्याही पेस्टनं वर चढत नाही. आधी कीटण काढायचं, ब्रशची पद्धत सुधारायची. कळ नसेल, हिरडी आणखी उतरत नसेल, तर चाकू लावायची घाई नको.

शस्त्रक्रियेत सोपी रीत अशी: त्याच दाताची हिरडी सैल करून ओढायची आणि मुळावर शिवायची. पण हिरडी मुळातच पातळ असेल तर ती टिकत नाही. तिथं टाळू कामी येतो. पूर्वी टाळूचा वरच्या त्वचेसकट तुकडा काढून लावत. तो जगायचा, पण रंगानं टाळूच राहायचा. गुलाबी हिरडीत फिकट ठिगळ. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला तर फळ संत्र्याचंच येतं ना, तसंच. १९८५ मध्ये लँगर आडनावाच्या दोघा अमेरिकी दंतवैद्यांनी टाळूच्या आतला थर काढून तो हिरडीखाली सरकवायची पद्धत मांडली. वर हिरडी आपलीच, त्यामुळे रंग जुळतो. काम फक्त जागा बधिर करून होतं. टाळू मात्र काही दिवस गरम चहानं भाजल्यासारखा राहतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

हल्ली दंडातलं रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्याची साय मुळावर ठेवतात. जखम भरायला तिची मदत होते. पण टाळूच्या कलमाला ती पर्याय आहे असं मी म्हणणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कलम बांधायचं ते खुंट जिवंत असेपर्यंत. इथला खुंट म्हणजे दोन दातांमधलं हाड. १९८५ मध्येच मिलर या दंतवैद्यानं उतरलेल्या हिरड्यांचे चार वर्ग मांडले. हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकता येतं, थोडं झिजलं असेल तर अर्धंमुर्धं, आणि फारच गेलं असेल तर निष्णात हातालाही ते झाकता येत नाही. म्हणून दातांमध्ये काळ्या फटी दिसायच्या आधी या. सावंगीच्या शरद पवार दंत महाविद्यालयात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे.

टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर तिथं ब्रश नाही, औषधी पाण्यानं चूळ. आणि खर्रा सोडायची तयारी नसेल, तर शस्त्रक्रियेची तारीखच घेऊ नका.