करपट ढेकर, छातीतली जळजळ आणि आपलं रोजचं खाणं

(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाचं बोलून झालं, कर्जाचं झालं, विजेचं झालं. आता थोडं पोटाचं बोलू. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या खिशात किंवा बटव्यात आत्ता पित्ताची गोळी असेल त्यांनी हात वर करा म्हटलं, तर हात मोजायला वेळ लागेल. कपाशीवर कोणती अळी आहे हे पाहिल्याशिवाय फवारू नका, असं आपणच एकमेकांना सांगतो. पोटाच्या बाबतीत मात्र काय बिघडलं हे न पाहता रोज फवारणी चालू असते. जळजळ झाली, घे गोळी. पोट फुगलं, घे सोडा. दुखणं दबतं, कारण तसंच राहतं.

जळजळ होते म्हणजे काय होतं, ते आधी समजून घेऊ. अन्न पचवायला जठरात आम्ल तयार होतं. ते जहाल असतं. जठराला आतून बुळबुळीत थराचं अस्तर असतं, म्हणून त्याला ते बाधत नाही. अन्ननलिकेला असं अस्तर नाही. दोन्हींच्या सांध्यावर एक झडप असते. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह आपल्या ओळखीचा आहे, तो पाणी एकाच बाजूला जाऊ देतो. ही झडपही तशीच. ती ढिली पडली किंवा खालून दाब वाढला की आम्ल उलटं वर येतं, छाती जळते, घशाशी आंबट-कडू पाणी येतं. याला आपण पित्त म्हणतो.

अजीर्ण म्हणजे थोडं वेगळं. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं, पोट गच्च होतं, करपट ढेकर येतात, भूक मरते. घाईने गिळलेलं अन्न, तेलकट जेवण, पोट साफ नसणं, चिंता आणि अपुरी झोप ही त्याची नेहमीची कारणं. यातली चिंता कुठून येते हे या बैठकीला वेगळं सांगायला नको.

आता आपला हंगामातला दिवस बघा. पहाटे उठून कोरा चहा, तोही भरपूर साखरेचा. त्यावर खर्रा. तसंच वावरात. न्याहारी झाली तर झाली. दुपारी दोन वाजता धुऱ्यावर बसून भाकर, ठेचा आणि तर्रीदार भाजी, तीही पाच मिनिटांत. जेवण झालं की लगेच वाकून निंदण किंवा खालची बोंडं वेचणं. भरलेलं पोट दाबलं जातं. रात्री कंबर दुखते म्हणून एक दुखण्याची गोळी. नऊ-दहा वाजता भरपेट भात आणि हात धुतले की बाजेवर आडवं. बायांचं तर याहून वाईट. सगळ्यांना वाढून त्या शेवटी जेवतात, आणि उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी तेलातली साबुदाणा खिचडी. झडप ढिली करणारं जे जे आहे ते या एका दिवसात आलं. म्हणून उपायही या दिवसातच शोधायचा.

पहिली गोष्ट, सकाळचं पोट. वावरात जाण्याआधी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. रात्रीची अर्धी भाकर आणि ताक चालेल, ज्वारीच्या कण्या चालतील, आंबील चालेल. चहा त्यानंतर.

दुसरी गोष्ट, रात्रीचं जेवण. ते झोपण्याच्या दोन ते तीन तास आधी आणि दुपारपेक्षा हलकं असावं. दिवेलागणीला जेवण्याची जुनी चाल होती, ती पोटाला मानवणारी होती. रात्री पाणी द्यायला जायचं असेल तर आधी थोडं खाऊन जा, परत आल्यावर ताट भरून जेवू नका.

तिसरी गोष्ट, झोपणं. ज्याला रात्री घशाशी येतं त्याने बाजेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवाव्यात. डोक्याकडची बाजू वीतभर उंच झाली पाहिजे. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान वाकते आणि पोट दाबतं, काम होत नाही. डाव्या कुशीवर झोपलं तर आम्ल वर येणं कमी होतं. या उपायाला चार विटांपलीकडे खर्च नाही.

चौथी गोष्ट, खर्रा आणि दारू. तंबाखूतलं निकोटीन त्या झडपेला ढिलं करतं, दारूही तेच करते आणि जठराचं अस्तरही सोलते. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पानठेल्यावर पोरंसोरंही खातात. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, खर्रा गावोगाव घोटला जातच राहिला. गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियानाने दारू आणि तंबाखू या दोन्हींवर गावागावांत काम केलं आहे. कायदा असो नसो, आपल्या तोंडात काय जातं हे आपल्याच हातात आहे. ज्यांना तिखट लागताच तोंडाची आग होते, तोंड पूर्ण उघडत नाही, त्यांनी हे पित्त समजू नये. ती सुपारीमुळे तोंडाच्या आतली कातडी आवळत चालल्याची खूण असते आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. खर्रा त्याच दिवशी बंद करून तोंड तपासून घ्यावं.

तिखट सोडा, असं सांगायला आम्ही उभे राहिलो नाही. आपल्याकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, घरी ठेचा नसेल तर घास उतरत नाही. मिरचीने जठरात जखम होत नाही, पण आधीच सुजलेल्या जागेला ती झोंबते. जळजळ असेल तेवढे दिवस ठेचा आणि तर्री बाजूला ठेवा. तेल मात्र कायमचं कमी करा, कारण तेलकट अन्न जठरात जास्त वेळ पडून राहतं.

आता आपल्या वावरातल्या आणि जंगलातल्या औषधांकडे येऊ.

वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या भागात ज्वारी हे आपलं अन्न होतं. तिची जागा कापसाने आणि सोयाबीनने घेतली आणि ताटात भात आला. ज्वारीत चोथा जास्त, त्यामुळे पोट साफ राहतं. तिची प्रथिनं मात्र पचायला जड असतात, आणि पीठ आंबवलं की ती पचायला सोपी होतात. आंबील करणाऱ्या आपल्या आज्यांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं. रात्री पीठ ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, मीठ-जिरं टाकायचं. जळजळ असेल तर फार आंबट होऊ देऊ नका. चार एकरांतली एक तास ज्वारी घरच्या खाण्यासाठी ठेवली तरी जनावरांना कडबा आणि माणसांना भाकर, दोन्ही मिळेल.

ढेकर आणि पोटफुगी असेल तर जिरं, धने आणि बडीशेप सारख्या भागाने घेऊन पाण्यात उकळा आणि कोमट प्या. गॅससाठी चिमूटभर ओवा मिठासोबत चावून खाल्ला तर चालतो. मळमळ असेल तर आल्याचा लहान तुकडा. ओवा आणि आलं ही दोन्ही थोडीच घ्यायची, जास्त झाली तर छाती आणखी जळते. पोट साफ होत नसेल तर रात्री हिरड्याचं किंवा त्रिफळ्याचं चूर्ण, आणि उन्हाळ्यात पिकलेला बेल. कच्चा बेल उलटं काम करतो, तो जुलाबावर देतात. हिवाळ्यात जंगलातून आवळा येतो. तो अनेकांना मानवतो, काहींना त्याचा आंबटपणा त्रास देतो. ज्याने त्याने आपलं पोट पाहून ठरवावं.

काही गोष्टी औषध म्हणून चालतात पण त्यांचा दुसरा हात लक्षात ठेवा. पुदिन्याने पोटातला वात सरतो, पण तो झडप ढिली करतो. घशाशी येणाऱ्याने तो टाळावा. ज्येष्ठमधाने आराम पडतो, पण तो रोज घेतला तर रक्तदाब वाढतो. रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी घेऊ नये. थंड दुधाने तेवढ्यापुरती आग विझते, नंतर जठर आणखी आम्ल सोडतं. खाण्याच्या सोड्याचंही तसंच, शिवाय त्यातल्या सोडियममुळे रक्तदाबवाल्यांना तो घातक. डॉ. राणी बंग यांनी 'गोईण' या पुस्तकात गडचिरोलीच्या बायांकडचं झाडांचं ज्ञान नोंदवून ठेवलं आहे. ते ज्ञान मोठं आहे आणि ओळख पक्की असणाऱ्याच्या हातातच ते औषध ठरतं. बाजारातल्या बिननावाच्या पुडीत मात्र काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. अशा पुड्यांत दुखण्याची औषधं आणि स्टिरॉईड मिसळल्याचं देशात वेळोवेळी सापडलं आहे, आणि तीच पोट जाळतात.

दुखण्याच्या गोळीचं वेगळं सांगितलं पाहिजे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या जठराचं अस्तर पातळ करतात. रिकाम्या पोटी, रोज, महिनोन्‌महिने घेतल्या तर जठरात जखम होते आणि ती आतल्या आत वाहते. कंबरदुखीला शेक द्या, एक दिवस आराम द्या. गोळी घ्यावीच लागली तर पॅरासिटामॉल पोटाला सौम्य आहे. तीही ठरलेल्या मापातच घ्यावी, दारूबरोबर कधीच नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका.

जठरातली जखम तिखटाने आणि चिंतेने होते, असं डॉक्टरही पूर्वी मानत. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांनी १९८२ मध्ये दाखवलं की बहुतेक वेळा तिच्यामागे एक जंतू असतो. लोकांना पटेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन आपलं जठर सुजवून दाखवलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्या देशात हा जंतू फार लोकांच्या पोटात आहे. त्याची तपासणी होते आणि साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी तो जातो. म्हणून जेवणखाण सुधारूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर पित्ताची गोळी वर्षभर चघळत बसू नका, तपासून घ्या. दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि पोटाची कुरकुर गावातल्या अनेकांना असेल तर हातपंपाच्या पाण्यातलं फ्लोराईड तपासून मागा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात ते जास्त आहे. आणि घरात सिकलसेल असेल, जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल, तर पित्ताशयात खडे आहेत का ते बघावं लागतं.

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. काही वेळा हे पित्त नसतंच.

छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, दम, चालताना वाढणारं दुखणं, हा हृदयाचा झटका असू शकतो. बायांमध्ये आणि साखरेच्या रोग्यांमध्ये तो नुसती मळमळ, थकवा आणि पोटात जळजळ असाही येतो. हा शहरातल्या शेठजींचा रोग आहे अशी समजूत आपल्याकडे आहे. गडचिरोलीत राहून काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांना पन्नाशीच्या आत तो झाला, त्यावर त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिलं. अशा वेळी सोडा पाजून, ओवा देऊन सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा, दवाखान्यात छातीचा आलेख काढायला सांगा. यात गेलेला तास परत मिळत नाही.

फवारणी करून आलेल्या माणसाला मळमळ, पोटात मुरडा, तोंडाला लाळ, घाम, अंधुक दिसणं असं झालं तर ती विषबाधा आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसच्या वर माणसं गेली. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, वजन उतरणं, डोळे पिवळे होणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, यांपैकी काहीही असेल तर घरचा उपाय थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

भावांनो, मायबहिणींनो, आपल्या पिकाचा भाव ठरवणं अजून आपल्या हातात आलेलं नाही. सकाळची आंबील, संध्याकाळचं वेळेवर जेवण, बाजेखालच्या विटा आणि खर्ऱ्याला नकार, हे आजपासून आपल्या हातात आहे. घरी गेल्यावर घरातल्या बाईला आपल्या आधी किंवा आपल्या सोबत जेवायला बसवा, सुरुवात तिथून होऊ द्या.