तृतीयपंथी नागरिक आणि सार्वजनिक स्वच्छतागृहे



एस. टी. स्थानकावरील स्वच्छतागृहाला दोन दारे असतात. बहुतेक प्रवासी त्यांवरील पाट्या न वाचताच आत जातात. तृतीयपंथी प्रवाशाला मात्र तेथे थबकावे लागते. पुरुषांच्या बाजूस टवाळीचे आणि अंगचटीचे भय, स्त्रियांच्या बाजूस आरडाओरड होण्याचे. यावर अनेकांनी शोधलेला उपाय म्हणजे घराबाहेर पडताना पाणीच न पिणे! पाणी कमी प्याल्याने आणि लघवी तासन्‌तास रोखून धरल्याने मूत्रमार्गाचे विकार व मूतखडा संभवतो.

२०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांव्यतिरिक्त 'इतर' या सदरात महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. तशी नोंद करविण्याचे धैर्य सर्वांनाच झाले असेल, असे मात्र नव्हे.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहे पुरविण्याचे निर्देश केंद्र व राज्य शासनांना दिले. पुढे भोपाळ येथे २०१७ मध्ये व मुंबईत गोरेगाव येथे २०२२ मध्ये अशी स्वच्छतागृहे उघडली. परंतु गावोगावी तिसरी इमारत उभी राहीपर्यंत देहधर्म थांबत नाही. म्हणून ग्रामीण स्वच्छतेसंबंधी केंद्रीय पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने एप्रिल २०१७ मध्ये काढलेली सूचना अधिक मोलाची वाटते. स्त्रियांचे वा पुरुषांचे, जे पसंत असेल ते स्वच्छतागृह तृतीयपंथी व्यक्तीस वापरू द्यावे, असे तीत म्हटले आहे. निवड वापरणाऱ्याची, दाराशी बसून पैसे घेणाऱ्याची नव्हे. इतर कोणाकडे तेथे ओळखपत्र मागितले जात नाही, मग यांच्याकडेच का मागावे? सर्वांना खुल्या असलेल्या सार्वजनिक जागेच्या वापरास तृतीयपंथीयांना अटकाव करणाऱ्यास २०१९ च्या केंद्रीय कायद्याने सहा महिने ते दोन वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा ठेवली.

अर्थात कायद्याचे कलम खिशात घेऊन कोणी लघवीस जात नाही. अनोळखी ठिकाणी सोबत असावी, उजेडाची व वर्दळीची जागा निवडावी, आत शिरताच कडी लागते की नाही ते पाहावे. कोणी अडविल्यास हुज्जत न वाढविता स्थानकातील वाहतूक नियंत्रकास सांगावे. वेळ व ठिकाण टिपून ठेवावे. अंगावर कोणी धावून आल्यास ११२ हा क्रमांक फिरवावा. रेल्वेच्या डब्यातील शौचालये स्त्री-पुरुषांना सामाईक असतात, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेले नाही!

जन्मतः मुलगी मानली गेलेली, परंतु पुरुष म्हणून जगणारी व्यक्ती सहसा कोणाच्या ध्यानातच येत नाही. पुरुषांच्या बाजूस उघड्या मुताऱ्यांची रांग असते. तिच्या उपयोगाचा तो एखादा बंद संडास. त्याची कडी तुटली की तिच्यापुरते ते संपूर्ण स्वच्छतागृहच बंद झाले. मासिक पाळीच्या दिवसांत तर तेथे कचऱ्याची झाकणबंद पेटीही नसते.

स्त्रियांना वाटणारी धास्ती खोटी म्हणून उडवून लावू नये. परंतु गैरवर्तन कोणीही केले तरी तो गुन्हाच ठरतो, आणि त्यापासून रक्षण करावयाचे ते पक्की कडी, पेटता दिवा व जागेवर हजर असलेला रखवालदार यांनी. नगरपरिषदांनी स्वच्छतागृहांच्या देखभालीची पुढील निविदा काढताना या तीन गोष्टी, पुरुषांच्या बाजूस एक झाकणाची पेटी, आणि कोणासही दारातून परत न पाठविण्याची अट ठेकेदाराच्या करारनाम्यात लिहून घ्यावी.