मंडप भरण्याआधीचे दोन महिने

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही विद्वान वक्ता नाही. गिरणीच्या पाळ्या करता करता आयुष्य गेलं, जे वाचलं ते पाळी सुटल्यावर. समितीने विषय दिला आहे, 'कार्यक्रमांतून समाज कसा जोडावा'. मी तो महाडवरून सांगतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, हे आपल्या पोरांनाही पाठ आहे. पण आदल्या दिवशी, १९ तारखेला, परिषदेचा मंडप भरला तो कसा? बाबासाहेब आले मुंबईहून. कुलाबा जिल्ह्यातली माणसं कुणी आणली? रामचंद्र बाबाजी मोरे हे त्याच भागातले, तेव्हा ऐन पंचविशीच्या आतले. त्यांच्यासारखे कार्यकर्ते दोन महिने गावोगाव फिरत होते. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे ही मंडळीही साथीला होती. धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात लिहिलंय, पंधरा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत लोक पायपीट करत आले, भाकरीचे तुकडे पिशवीत बांधून. आणि परिषदेला प्यायला पाणी? ते चाळीस रुपये मोजून सवर्णांकडून भरून घ्यावं लागलं. पाण्यासाठीची परिषद, बंधूंनो, आणि पाणी विकत!

तळं खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तो कागदावरच राहिला. माणसं चालत गेली तेव्हा त्याला अर्थ आला. आपल्या समितीच्या वहीतही ठराव पुष्कळ आहेत, असो.

आता आपल्याकडे बघा. १४ एप्रिलला गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. रविवारच्या वंदनेला मोजून अकरा डोकी, त्यात तीन लहान मुलं. मग आपण म्हणतो, समाज येत नाही. समाज डीजेला येतो, कारण तिथं त्याला कुणी काम सांगत नाही अन् तो गेला काय, राहिला काय, कुणाला पत्ता नसतो. अशी गर्दी दुसऱ्या दिवशी उरत नाही. कुणाकडे आजारपण निघालं, पोरीची फी अडली, तर ती धावत येणार आहे का?

गेल्या वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन आपण पोरांच्या हाती दिलं. रोज एका घरचं पोर एक पान वाचणार. पोर वाचतंय म्हणून आई आली, आजी आली. बाप कामावरून सुटून दारातच चपला धरून उभा! तिसऱ्या दिवशी तो आत बसला. अडखळत वाचलेलं ते पान लोकांनी जेवढं कान देऊन ऐकलं, तेवढं माझं भाषणसुद्धा ऐकत नाहीत. आणि आश्विन पौर्णिमेला सतरंज्या अंथरायला कुणाला हाक मारावी लागली नाही.

वर्गणीचंही तेच आहे. पावती फाडून निघून जाऊ नका. घरात बसा, चहा नको म्हणू नका, म्हातारीची चौकशी करा. आणि जयंतीनंतर आठ दिवसांत जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लिहा, पै-पैचा. डीजेचा आकडा तर मोठ्या अक्षरात! मग पुढच्या वर्षी तो ठेवायचा की त्या पैशातून अभ्यासिकेची बाकं घ्यायची, हे लोकच ठरवतील. तरुणांनो, रागावू नका. नाचा, पण आदल्या दोन महिन्यांत चार घरं फिरा.

दाराशी वही ठेवली आहे. गल्लीवार नावं लिहायची, एका गल्लीला दोन माणसं, त्यातली एक बाई पाहिजेच. पुढच्या रविवारी वंदना झाली की निघायचं. नळाच्या मागच्या गल्लीपुढं मी माझं नाव लिहिलंय. दुसरं नाव अजून रिकामं आहे. जयभीम!