चाकणच्या खोलीतली पोर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव, विजेचं बिल हे आपण दर बैठकीला बोलतो. आज थोडा वेळ दुसऱ्या विषयाला मागून घेतला आहे. विषय आपल्या घरातलाच आहे, पण दार लावून ठेवलेला.

कोरडवाहूवर दोघा भावांचं भागत नाही, म्हणून एक भाऊ चाकण, भोसरी, तळवड्याच्या कंपनीत जातो. ठेकेदाराकडे नाव लागतं, महाळुंग्याला नाहीतर मोशीला एक खोली मिळते, वर्षभरात तो बायकामुलं तिकडे नेतो. इथवर आपल्याला माहीत असतं. पुढचं आपण विचारत नाही. त्या बाईला भास होऊ लागतात, ती रात्र रात्र जागते, शेजारीण माझ्या वाईटावर आहे म्हणते. किंवा गडीच खचतो आणि कामावर जाईनासा होतो. गावात असं झालं तर आजी असते, चुलती असते, भाकरी कोणीतरी थापतं. दहा बाय दहाच्या खोलीत चुलती कुठली? बाप दुसऱ्या पाळीला. मग चौथीतली पोरच चुलती होते. धाकट्याला सांभाळते, आईने गोळी घेतली का पाहते, आई रात्री बाहेर निघाली तर आडवी होते. शाळेत बाईंनी विचारलं, काल का आली नाहीस, तर पोट दुखत होतं म्हणते.

हे खोटं तिला आपणच शिकवलेलं असतं. कुणाला सांगू नको, उद्या तुझं लग्न जमायचं नाही!

लपवल्याने कोणाचं भलं झालं? धुळे जिल्ह्यातले, म्हणजे आपल्याच कापूस-ज्वारीच्या मुलखातले डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला सिझोफ्रेनिया झाला. त्यांनी ते झाकलं नाही. १९९७ साली पुण्यात सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, या आजारावरच्या ‘देवराई’ या २००४ च्या चित्रपटामागेही ते होते. २०१७ साली ते गेले, संस्था चालू आहे. रुग्णाच्या घरच्यांनी एकत्र बसून बोलावं, एवढी साधी गोष्ट तिथे होते. आपल्या भावकीत तेवढीच होत नाही.

आणि लग्नाचं म्हणाल, तर आईला किंवा बापाला सिझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याचा धोका साधारण दहात एक. म्हणजे दहांतल्या नऊ लेकरांना होत नाही. सोयरीक मोडणारे हा हिशेब कधी मांडत नाहीत.

लेकरू मात्र मनात वेगळाच हिशेब मांडतं. मी त्रास दिला म्हणून आईचं असं झालं. म्हणून त्याला सरळ सांगा: आईला आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, औषध चालू आहे, बरं करणं डॉक्टरचं काम आहे, तुझं नाही. गोळ्यांचा डबा पोराच्या हाती देऊ नका. देवऋष्याकडे तर नेऊच नका. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या अशाच एका ठिकाणी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ रुग्ण पळूही शकले नाहीत.

उपचार जवळ आहेत. पिंपरीला यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, येरवड्याला सरकारी मनोरुग्णालय आहे. १४४१६ हा फोन फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात बघा, शंभराला पाऊण रुपया. ती होत असेल तर चिंचवडच्या मोहननगरातल्या ईएसआय रुग्णालयात घरच्यांवरही उपचार होतात. कामगारालाच असा आजार झाला आणि नोकरीचा ठरलेला काळ भरला असेल, तर लांब आजारपणात पगाराच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. ठेकेदार हे आपणहून सांगणार नाही, विचारावं लागतं. आई किंवा बाप गंभीर आजारी असेल तर बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २२५० रुपयांसाठी अर्ज करता येतो. तो महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात द्यायचा. कागद बरेच लागतात, म्हणून गावातल्या शिकलेल्या पोराने सोबत जावं.

काही जण म्हणतील, पोरंच गावी आणून ठेवतो. सुट्टीत जरूर आणा. पण आईपासून तोडण्याची घाई करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही म्हटलं आहे की दवाखान्यात दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये. त्यापेक्षा घरातलं एक मोठं माणूस महिना-दोन महिने तिकडे जाऊन राहिलं तर पोर शाळेत जाईल. वेचणी संपल्यावर आपल्याकडे हातही मोकळे असतात.

दिवाळीला ही मंडळी गावी येतात. तेव्हा त्या पोरीला जरा बाजूला घ्या. शाळेत नंबर कितवा आला हे मागाहून विचारा. आधी विचारा, तिकडे सांजच्याला चूल कोण पेटवतं?