शेतीचा जमाखर्च : वही आपल्या घरी असू द्या



आज मी बियाणं, खत, औषध यांतलं काही सांगणार नाही. आज बोलायचं आहे ते वहीबद्दल. वहीचं नाव काढलं की आपल्यातले बरेच जण म्हणतात, "साहेब, आमचं काय किराणा दुकान आहे का?" दुकान नाही हे खरं. पण जो शेतकरी चार घरी दुधाचा रतीब घालतो, भाजीच्या जुड्या बांधून विकतो, उधारीनं पेंड आणतो, तो धंदाच करतो. फरक इतकाच की दुकानदार रोज संध्याकाळी गल्ला मोजतो आणि आपण वर्षाच्या शेवटी डोकं खाजवत बसतो.

खराडीची एक गोष्ट सांगतो. हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत गेलं. जिथं ज्वारी-बाजरी व्हायची तिथं आज उंच इमारती आहेत. तरी शेतीची सवय लगेच सुटत नाही. अशाच एका घरी तीन गाई होत्या, आणि नदीच्या कडेनं मांजरी खुर्दच्या बाजूला तीस गुंठे भाजीचं रान. घरधनी पहाटे धारा काढून अडतीस घरी दूध घालायचे. कुणाकडं किती लिटर, कुणाचे पैसे आले, कुणाचे राहिले, पेंडवाल्याचे किती द्यायचे, सगळं तोंडपाठ. लोक कौतुक करायचे की काय डोकं आहे!

एका पावसाळ्यात गोठ्यातच पाय घसरून ते पडले. डोक्याला मार लागला. दीड महिना दवाखान्यात. माणूस वाचला, पण मधल्या महिन्यांतलं काही नीट आठवेना. आणि सगळा हिशेब तर त्याच डोक्यात होता.

त्या ताईंनी मुलाला घेऊन रतीब चालू ठेवला. येणं मागायला गेल्या तेव्हा लोकांनी आपापल्या दिनदर्शिकेवरच्या खुणा बघून पैसे दिले. बहुतेकांनी प्रामाणिकपणे दिले, हे सांगितलंच पाहिजे. पण चार भाडेकरू जागा सोडून गेलेले होते. ते कुठं गेले आणि त्यांच्याकडं किती राहिलं, ते कुणाला सांगता येईना. तेवढ्यात पेंडवाल्यानं निरोप धाडला, एक्केचाळीस पोत्यांची उधारी आहे. ताईंना वाटलं, एवढी आणलीच नाहीत. पण सांगायचं कशावरून? मला म्हणाल्या, "साहेब, गाय माझी, पेंड माझ्या गाईनं खाल्ली, आणि हिशेब मात्र त्यांच्या वहीत."

सुदैवानं त्यांना एक सवय होती. पोतं आलं की स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कोळशानं एक रेघ. रेघा भरल्या चौतीस. त्या घेऊन दुकानी गेल्या, वही उघडायला लावली, तारखा ताडून बघितल्या. सात पोती त्याच आडनावाच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची निघाली. दुकानदारानं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, गर्दीत नाव चुकतं. त्यानं खातं दुरुस्त करून दिलं. पंधराशेच्या हिशेबानं साडेदहा हजार रुपये वाचले, ते कोळशाच्या सात रेघा कमी भरल्या म्हणून. भिंतीला त्या वर्षी सफेदी झाली नव्हती हेही एक नशीबच.

मंडळी, आपल्या मुलखात हे दुखणं जुनं आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात, आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याला, १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. त्या ओढून बाहेर काढल्या आणि जाळल्या. पुढं पुणे आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत तेच झालं. सावकाराची वही काय म्हणते हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि समोर ठेवायला त्याच्याकडं स्वतःची वही नव्हती. नंतर १८७९ साली सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्यानं पैसे भरले की त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब लिहून मिळाला पाहिजे, मागितलं तर खातेपुस्तक मिळालं पाहिजे, असं त्यात कलमांनी घातलं. आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवानाधारक सावकाराला हिशेब ठेवावा लागतो आणि पावती द्यावी लागते. पण कायद्यानं मिळालेली पावती आपणच चुलीपुढं विसरलो तर कायदा काय करणार?

आता वही ठेवायची कशी ते सांगतो. आधी माझी फजिती ऐका. नोकरीला लागलो तेव्हा कॉलेजात शिकलेला सोळा रकान्यांचा तक्ता मी छापून घेतला आणि गावोगाव वाटला. तीन महिन्यांनी गोळा करायला गेलो तर एकही भरलेला नव्हता. एका घरी त्यात भाकरी बांधलेली बघितली. तेव्हापासून मी तक्ता वाटत नाही.

एक दोनशे पानी वही घ्या. एकच घ्या. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे, म्हणजे खर्च. रात्री जेवण झाल्यावर, अंथरुणाला पाठ लावण्याआधी, त्या दिवशी जे आलं ते डावीकडं आणि गेलं ते उजवीकडं. तारीख, कशाचे, कुणाकडून किंवा कुणाला, किती. मग शिल्लक काढा आणि डब्यातले पैसे मोजा. मेळ बसला नाही तर त्याच रात्री आठवा. बिडीकाडीचे, चहाचे, पोराच्या पेनाचे, कुठंतरी सापडतात. आठ दिवसांनी सापडत नाहीत.

धंद्याच्या पैशातून घरासाठी घेतलं तर 'घरखर्च' म्हणून लिहा. नेमकं इथं बरेच चुकतात. लग्नाचा आहेर आणि युरियाची गोणी एकाच रांगेत लिहिली की शेती तोट्यात दिसते, किंवा उलट. घरी प्यायला ठेवलेलं दूध आणि घरी खाल्लेली भाजीसुद्धा त्या दिवशीच्या भावानं जमेला धरा. ती फुकट नसते.

वहीच्या मागच्या बाजूनं उधारीची पानं करा. ज्याच्याकडून येणं त्याला एक पान, ज्याला द्यायचं त्यालाही एक पान. रतीबाच्या घराला इमारतीचं नाव आणि दाराचा नंबर घाला, नुसतं 'तिसऱ्या मजल्यावरच्या बाई' नको. महिन्याला पान दाखवून पैसे घ्या. पेंडवाल्याकडून, खतवाल्याकडून माल आणला की त्याच्या वहीतला आकडा आणि आपला आकडा तिथंच ताडून बघा. राग येत नाही कुणाला. सवय लागली की तेच विचारतात, "वही आणली का?"

आता पैसे फोनवर येतात. ते बरं आहे, पण त्यानं एक नवी अडचण झाली आहे. फोन पोराचा, खातं पोराचं, आणि दूध आईनं घातलेलं. फोन सांगतो की अमक्याकडून बाराशे आले. ते दुधाचे, भाजीचे, की मागच्या महिन्याच्या बाकीचे, हे फोन सांगत नाही. म्हणून फोनवरचे पैसेही रात्री वहीत उतरवा, पुढं 'फोन' असं लिहा.

मालाची गाडी बाजारात पाठवण्याआधी डाग मोजून लिहा. पट्टी आली की डाग, वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं एकेक करून ताडून बघा. फळं-भाजीपाल्याची अडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदारानं द्यायची आहे. तरी पट्टीत कुठल्या नावानं कपात दिसली तर ती कशाची ते विचारा. पट्ट्या तारेत ओवून ठेवा. खताच्या दुकानदारानं बिल देणं बंधनकारक आहे, ते मागून घ्या. बियाण्याचं बिल, पिशवीवरचं लेबल आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपा. उगवण झाली नाही तर तक्रार त्यावरच उभी राहते. पेरणीची तारीख वहीत असली तर ई-पीक पाहणी करतानाही आठवत बसावं लागत नाही.

आता खरी गंमत. त्या ताईंनी वही चालू केली, आणि मी सांगितलं म्हणून प्रत्येक गाईला वेगळं पान दिलं. एका वर्षात त्यांना असं काही दिसलं की घरात भांडण लागलं. तीन गाईंत जी सगळ्यांत देखणी, घरधन्याची लाडकी, तिचं पान बघा. सोपे आकडे करून सांगतो.

ती गाय सरासरी सात लिटर दूध देऊन दोनशे चाळीस दिवस चालली, मग आटली. एकूण दूध एक हजार सहाशे ऐंशी लिटर. पंचावन्न रुपये भावानं ९२,४०० रुपये. ऐकायला बरं वाटतं. दुधात असताना तिला पेंड, हिरवा चारा, कडबा मिळून दिवसाला २८० रुपये लागले, म्हणजे ६७,२०० रुपये. पण ती वेळेवर गाभण राहिली नाही. पुन्हा विण्याआधी एकशे साठ दिवस भाकड बसली. त्या दिवसांत दूध नाही, पण चारा दिवसाला १५० रुपयांचा, म्हणजे २४,००० रुपये. औषधपाणी आणि रेतनाचे ४,२००. खर्च झाला ९५,४०० रुपये. म्हणजे तीन हजार तोटा! शेणखत आठ हजारांचं धरलं तेव्हा कुठं पाच हजार उरले.

आता घरच्यांची मजुरी. रोज दीड तास धरा. चारशे दिवसांचे सहाशे तास, म्हणजे आठ तासांचे पंच्याहत्तर दिवस. पाच हजारांत पंच्याहत्तर दिवस! रोजाला सदुसष्ट रुपयेसुद्धा पडले नाहीत. दुसऱ्याच्या रानात खुरपायला आपण त्या रोजावर जाऊ का? सरकार पिकाची आधारभूत किंमत ठरवतं तेव्हा घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरतं. आपण आपल्याच घरातल्या बाईच्या कामाला शून्य का धरायचं?

लगेच गाय विका असं मी म्हटलं नाही. आधी पान नीट वाचलं. तोटा भाकड दिवसांत होता. गाय व्यायल्यानंतर साठ ते नव्वद दिवसांत रेतन झालं पाहिजे. माज साधारण एकवीस दिवसांनी येतो. एक माज नजरेतून सुटला की आणखी एकवीस दिवस वाट बघा, म्हणजे भाकड गाईच्या चाऱ्याचे तीन हजारांहून जास्त रुपये गेले. म्हणून त्या पानावर पैशांच्या खाली माजाची तारीख, रेतनाची तारीख, गाभण तपासणीची तारीख लिहायला सांगितलं. पशुवैद्यक डॉक्टरांनी तपासून उपचार केले. पुढच्या खेपेला ती वेळेवर गाभण राहिली. दुसरी एक गाय मात्र दोन वर्षांच्या पानांवरूनही सुधारेना, ती त्यांनी काढली. भांडणात जिंकलं कोण ते मी विचारलं नाही. पण घरधनी आता स्वतःच पान भरतात.

भाजीच्या पानावर उलटं दिसलं. मेथी-कोथिंबिरीला ते किरकोळ समजत होते. गुंठ्याला आणि दिवसाला किती उरलं असा हिशेब मांडला तर त्यांच्या रानात तेच पीक पुढं निघालं. दुसऱ्याच्या रानात तसंच होईल असं नाही, तुमचं पान तुम्हालाच लिहावं लागेल.

दूध आणि भाजी यांची पानं वेगळी ठेवायला आणखी एक कारण आहे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. दुधाचा धंदा मात्र त्या सवलतीत धरत नाहीत. लहान गोठ्याला कर बसेलच असं नाही, पण कुणी विचारलं तर दाखवायला वेगळा हिशेब हवा. बँकेत कर्जाला गेलात तरी अधिकारी हेच विचारतो, उत्पन्न किती आणि कशावरून.

लिहिता येत नाही असं म्हणणाऱ्या आयाबहिणींना सांगतो, रेघा मारा, पोराला लिहायला लावा, पण वही घरात ठेवा आणि घरातल्या किमान दोघांना ती कळू द्या. दिवाळीच्या पाडव्याची किंवा एक एप्रिलची वाट बघू नका. आज रात्री पहिल्या पानावर तारीख घाला. डब्यात आणि खात्यात किती आहेत ते मोजून लिहा. कुणाकडून किती येणं, कुणाला किती देणं, आठवेल तेवढं लिहा. अडलं तर ती वही घेऊन तुमच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात या, आपण बसून बघू.

राम राम.