फेरी सुटण्यापूर्वीची दहा मिनिटे



महाराष्ट्रातील राज्य परिवहनाच्या इतिहासात अहमदनगरला, म्हणजेच आजच्या अहिल्यानगरला, मानाचे स्थान आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. किसन राऊत हे तिचे चालक व लक्ष्मण केवटे हे वाहक होते. त्यानंतर गाड्या बदलल्या, रस्ते रुंदावले, वेग वाढला. गाडी हलविण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारून ती नजरेखालून घालण्याचे चालकाचे कर्तव्य मात्र आजही तेच आहे. या कर्तव्यास दहा मिनिटे लागतात आणि त्या दहा मिनिटांवर पन्नास कुटुंबांचे सुख अवलंबून असते.

प्रवासी वाहनास कायद्यानुसार योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी व त्यानंतर दर वर्षी नव्याने मिळवावे लागते. नगर येथेच केंद्र शासनाची वाहन संशोधन व विकास आस्थापना असून तेथे वाहनांच्या कठोर चाचण्या होतात. तथापि चाचणी वाहनाच्या बनावटीची ग्वाही देते आणि प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची. काल सायंकाळी टायरमध्ये रुतलेला खिळा किंवा रात्रीतून झिरपलेले ब्रेक ऑइल यांची वार्ता त्या कागदास नसते. ती आज सकाळी चालकालाच घ्यावी लागते.

आगारातून निघणाऱ्या गाडीच्या मदतीस निदान यांत्रिक असतो. खेड्यातील मुक्कामी गाडीची स्थिती निराळी आहे. अकोल्याच्या डोंगराळ भागात असो वा पाथर्डीच्या माळरानावर, रात्री उशिरा आलेली गाडी पहाटे विद्यार्थी, दूधवाले व रुग्ण यांना घेऊन निघते. तेथे कार्यशाळा नसते, यांत्रिक नसतो. चालकाचे डोळे, कान आणि हात हीच तेथील कार्यशाळा होय.

ही तपासणी जमिनीपासून सुरू होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली तेल, पाणी वा डिझेल सांडलेले दिसले तर त्याचा उगम शोधावा. नंतर चाके पाहावीत. टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी असा दंडक आहे. टायरच्या कडेला फुगवटा वा चीर नसावी. मागील जोडचाकांपैकी आतल्या चाकातील हवा गेली तरी बाहेरून ते सहसा लक्षात येत नाही, म्हणून वाकून पाहणे आवश्यक ठरते. दोन चाकांमध्ये अडकलेला दगड वेगात टायर फाडू शकतो. चाकाच्या नटाभोवती गंजाचा ओघळ दिसल्यास नट सैल झाल्याची शंका घ्यावी. पाट्यांपैकी एखादा तुटला आहे काय, हेही त्याच वेळी दिसते.

त्यानंतर ब्रेक. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये टाकीत साचलेले पाणी रोज काढून टाकावे लागते. इंजिन सुरू केल्यावर काट्याने पुरेसा दाब दाखवेपर्यंत गाडी हलवू नये. मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरावा. काटा झपाट्याने खाली येत असेल किंवा हवा सुटल्याचा आवाज येत असेल तर कोठेतरी गळती आहे. शेवटी प्रवासी बसण्यापूर्वी चार-सहा मीटर संथपणे गाडी नेऊन ब्रेक लावून पाहावा. करंजी किंवा इमामपूरच्या घाटात उतारावर दोष उमगला तर तो दुरुस्त करण्यास अवधी उरत नाही.

दिव्यांची तपासणी अनेकदा शेवटी व घाईत होते. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की रात्री उसाच्या ट्रॉल्या व बैलगाड्या रस्त्यावर असतात आणि त्यांपैकी कित्येकांच्या मागे दिवा नसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. पुढचा एक दिवा मंद असेल तर संकट उशिरा दिसते आणि तो विलंब या मापाने मोजावा लागतो. काच, वायपर व आरसे यांनाही हेच लागू आहे.

जिल्ह्याच्या कोपरगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. याच महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात १ जुलै २०२३ च्या रात्री एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा अंत झाला. बस दाराच्या बाजूवर कोसळली तर दार निरुपयोगी होते. त्यामुळे संकटकालीन खिडकी उघडते काय, काच फोडण्याचा हातोडा जागेवर आहे काय, अग्निशामक नळकांडे भरलेले आहे काय, हे रोज पाहण्याचे विषय आहेत. संकटकालीन दारापुढे सामानाची थप्पी लावणे म्हणजे ते दार बंद करणेच होय.

गाडीबरोबर चालकाचीही तपासणी झाली पाहिजे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ अन्वये सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास व आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा होती आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आवश्यक होती. झोप अपुरी झालेला चालक सुस्थितीतील गाडीही धोक्यात आणतो. येथे ग्रामपंचायतीचे साहाय्य मोलाचे ठरते. मुक्कामी चालक-वाहकांना डासांपासून सुरक्षित खोली, पिण्याचे पाणी व गाडी उभी करण्यास दिवा असलेली सपाट जागा दिली, तर तो खर्च गावाच्याच मुलांच्या सुरक्षिततेवर झालेला असतो.

परंतु एवढ्याने भागत नाही. चालकाने दोष हेरला, त्याची लेखी नोंद केली आणि तरीही 'आजची फेरी तेवढी करून या' असे उत्तर मिळाले, तर उद्यापासून तो वाकून पाहणे सोडून देईल. तपासणी मग केवळ सहीपुरती उरते. म्हणून नोंदविलेल्या प्रत्येक दोषापुढे काय दुरुस्ती झाली व कोणी केली हे लिहिले जाणे, आणि ब्रेक, चाके वा सुकाणू यांत दोष असताना गाडी न काढणाऱ्या चालकाच्या पाठीशी वरिष्ठांनी उभे राहणे, यातच या व्यवस्थेचा प्राण आहे. पंचवीस वर्षे विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा महामंडळ गौरव करते. अशा सेवेच्या मुळाशी अशा हजारो सकाळी असतात.

सहलीसाठी बस ठरविणाऱ्या शिक्षकांनी आणि वऱ्हाडासाठी गाडी सांगणाऱ्या गावकऱ्यांनी भाड्याबरोबरच योग्यता प्रमाणपत्र, टायर, संकटकालीन दार व चालकाची विश्रांती यांची चौकशी करावी. असे विचारण्यात चालकाचा अविश्वास नाही. एखादी फेरी तपासणीमुळे दहा मिनिटे उशिरा सुटली, तर थांब्यावरील प्रवाशांनी तेवढा धीर धरावा. ती दहा मिनिटे त्यांच्याच सुखरूप घरी पोहोचण्यासाठी खर्ची पडलेली असतात.