लांकडी तरवारीचे वीर

गेल्या दिवाळींत माझा भाचा सुटीसाठीं आमच्या घरीं आला. त्याच्या पेटींत कपडे थोडे आणि बोटाच्या दोन पेरांएवढ्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या फार. रोज जेवण झालें कीं तो खिडकीपाशीं बसे आणि डोळ्यांत तेल घालून एकेका बाहुलीच्या अंगरख्यावर बारीक कुंचल्यानें रंगीबेरंगी चौकटी काढीत असे. मीं सहज विचारलें तेव्हां त्यानें मला एक अद्भुत कथा सांगितली.

इंग्लंडांतील गेम्स वर्कशॉप या कंपनीनें १९८७ सालीं ‘वॉरहॅमर फॉर्टी थाउजंड’ नांवाचा एक युद्धाचा खेळ काढला. मेजावर लहान लहान सैन्यें मांडून आणि फांसे टाकून तो खेळतात. त्या खेळांतील काल्पनिक विश्वांत एका प्राचीन जातीचा स्वतःच्याच विलासामुळें नाश झालेला आहे, आणि तिच्या उरल्यासुरल्या लोकांत हार्लेक्विन नांवाच्या नटांचीं पथकें फिरत असतात. एका हंसऱ्या देवाचे ते उपासक. पूर्वजांच्या नाशाची कथा नाचून दाखविणें हा त्यांचा धर्म. आणि रणांगणांत उतरले म्हणजे तोच नाच शत्रूचा काळ होतो. त्यांच्यांत सर्वांत भयंकर भूमिका एकच नट करतो. आपल्या जातीचे आत्मे गिळणाऱ्या दैवताची ती भूमिका. हा नट सर्वांपासून दूर, एकटा राहतो आणि प्रयोगाबाहेर त्याच्याशीं कोणी बोलत नाहीं.

कथा संपवून भाच्यानें विचारलें, “मामा, असे लढणारे नट खरोखर कोठें असतात का?”

मी म्हणालों, “असतात. आपल्याच कोंकणांत असतात. फक्त त्यांच्या तरवारी लांकडाच्या असतात.”

त्या लांकडी तरवारीच्या वीरांविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहें.

देवगड तालुक्यांतील कुणकेश्वर हें क्षेत्र आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. समुद्राच्या अगदीं कांठावर उभें असलेलें तें शंकराचें देवालय, महाशिवरात्रीची मोठी यात्रा आणि तीर्थस्नानासाठीं आसपासच्या गांवांहून वाजतगाजत येणाऱ्या देवांच्या स्वाऱ्या, हें सर्व सुप्रसिद्धच आहे. देवळाजवळ एक गुहा आहे. तींत काळ्या दगडांत कोरलेले स्त्रीपुरुषांचे मुखवटे आहेत. माझें आजोळ तेथून दोन कोसांवर. लहानपणीं ते मुखवटे पाहिले कीं मला वाटे, हे दशावतारीच आहेत. आपली पाळी येईपर्यंत अंधारांत थांबले आहेत.

दशावतार हा आमच्या सिंधुदुर्गाचा आणि शेजारच्या गोव्याचा खेळ. तो जुना आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधांत, सहाव्या दशकांत, दशावतारी खेळांत स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांचा उल्लेख आढळतो. म्हणजे सतराव्या शतकांत हा खेळ लोकांच्या चांगला परिचयाचा होता. कार्तिकांत जत्रांना आरंभ होतो आणि तेव्हांपासून पाऊस तोंडावर येईपर्यंत मंडळ्या गांवोगांव फिरतात. प्रत्येक मंडळीचा पेटारा असतो. मुकुट, शस्त्रें आणि वस्त्रें त्या पेटाऱ्यांत राहतात, आणि खेळापूर्वीं त्याची पूजा होते. नट स्वतःचें तोंड स्वतःच रंगवतो. रंगमंचावर सजावट म्हणून एक बांकडें असतें. तेंच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. साथीला मृदंग, पेटी आणि झांज.

खेळाचे दोन भाग असतात. पूर्वरंगांत गणपति येतो, ऋद्धिसिद्धि येतात, सरस्वती येते, भटजी येतात. आणि मग येतो संकासुर. काळा वेष, काळा मुखवटा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. हा वेद चोरणारा दैत्य. पण त्याच्या पहिल्याच शब्दाला सारा मांडव खदखदून हंसतो. देव आणि राजे ग्रंथांतील मराठी बोलतात, आणि हा मात्र अस्सल मालवणींत भटजींची आणि गांवच्या मानकऱ्यांचीही रेवडी उडवितो. शेवटीं विष्णु त्याचा वध करतो. ज्यानें सर्वांना हंसविलें तोच मरतो, आणि त्याच्या मरणानेंच खऱ्या कथेचा मार्ग मोकळा होतो. भाच्याच्या खेळांतील तो भयंकर नट एकांतांत राहतो, हें ऐकून मला हंसूं आलें. आमचा संकासुर मुखवटा काढतांच पडद्यामागें मुलांच्या घोळक्यांत बसून चहा पीत असे, आणि आम्ही पोरें त्याची ती लाल जीभ हातांत घेऊन पाहत असूं.

उत्तररंगांत आख्यान होतें, आणि येथें या कलेचें मर्म आहे. या आख्यानाची लेखी संहिता नसते. आज कोणतें आख्यान करावयाचें तें ठरतें, भूमिका वाटल्या जातात, कथेचे टप्पे सांगितले जातात, आणि बाकी सर्व नटानें उभ्याउभ्या रचावयाचें असतें. हार्लेक्विन हें नांव ज्या इटालियन विदूषकावरून आलें, त्या आर्लेक्किनोचीं नाटकेंही अशींच केवळ कथेच्या आराखड्यावर चालत. त्याच्याही हातांत लांकडी फळीच असे! पण इटलीच्या त्या नाटकांत मुख्य व्यवहार हास्याचा. आमच्या दशावतारांत तो युद्धाचा आहे. शिग्म्याच्या दिवसांत गोव्याच्या सत्तरी आणि डिचोलीकडे घोडेमोडणी होते. कमरेला लांकडी घोडा बांधून आणि तरवार परजून वीर नाचतात, आणि जुन्या लढायांची आठवण जागी करतात. तेथें तरवार बोलते. दशावतारांत माणूस बोलतो, आणि तरवार त्याच्या बोलण्याची वाट पाहते.

दोन राजे समोरासमोर आले म्हणजे प्रथम वाद होतो. तुझें कुळ कोणतें? तूं कोणत्या अधिकारानें माझा घोडा अडविलास? शास्त्र काय सांगतें, क्षत्रियाचा धर्म काय, मातेची आज्ञा मोठी कीं पित्याची? एकानें पुराणांतला दाखला द्यावा, दुसऱ्यानें त्याहून जुना दाखला काढून तो खोडावा. राक्षसालाही आपली बाजू पूर्ण मांडूं दिली जाते. श्रोत्यांत शेतकरी असतात, खलाशी असतात, शाळामास्तर असतात. कोण अडखळला हें त्यांना तत्काळ कळतें. शब्द संपले म्हणजे मृदंग द्रुत लयींत वाजूं लागतो, दोघे गिरक्या घेत बांकड्याभोवतीं फिरतात, लांकडावर लांकूड आपटतें आणि एकजण पडतो. कोणी पडावयाचें हें सर्वांना आधींपासून ठाऊक असतें. मग रात्रभर जागून लोक पाहतात तरी काय? त्याचें उत्तर मला एका रात्रीं मिळालें.

मी तेव्हां बारा वर्षांचा असेन. आजोळच्या देवळांत जत्रा होती आणि आख्यान होतें बभ्रुवाहनाचें. कथा आपणांस ठाऊक आहे. अश्वमेधाच्या घोड्यामागें अर्जुन मणिपुरास येतो. बभ्रुवाहन हा त्याचाच पुत्र. तो घोडा परत करावयास नम्रपणें सामोरा जातो. अर्जुन त्याला भित्रा म्हणून हिणवतो, त्याच्या मातेच्या शीलावर शिंतोडे उडवितो, आणि मग पुत्राच्या हातून पित्याचें मस्तक उडतें. अर्जुन झाला होता मंडळीतला सर्वांत जुना राजपार्टी. बभ्रुवाहन झाला होता एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, बहुधा प्रथमच मोठ्या भूमिकेंत.

पहांटेचे तीन वाजले असतील. अर्जुनानें मातेचें नांव घेऊन तो जहरी प्रश्न टाकला, आणि मुलगा थांबला. त्याचे ओंठ हलले, शब्द येईना. मृदंगवाल्यानें दोन थापा देऊन वेळ सांवरली. तरीही शब्द येईना. मागें कोणीतरी हंसलें. त्या मुलाचा रंगविलेला चेहरा मला अजून दिसतो. सफेद्यावरून घामाचे ओघळ उतरत होते.

त्या क्षणीं अर्जुनाला काय करतां आलें असतें? त्याला एक टाळीचें वाक्य टाकून सारी सभा आपल्याकडे ओढतां आली असती. पण तो मोठ्यानें हंसला, मिशीवर हात फिरवीत पोराभोवतीं एक फेरी मारली आणि गरजला, “अरे, गप्प कां? मातेच्या पातिव्रत्याची साक्ष देण्यास सूर्य उगवायचा आहे, म्हणून थांबला आहेस काय? कीं तुझ्या मातेनें माझ्या वाटेकडे डोळे लावून काढलेलीं वर्षें मोजतोस?”

ऐकणाऱ्यास ती निंदा वाटली. वस्तुतः ती मदत होती. मुलानें मान वर केली. “होय, तींच वर्षें मोजतों आहें,” असें म्हणून त्यानें बोलावयास प्रारंभ केला. आणि पतीची वाट पाहणाऱ्या त्या एकाकी स्त्रीचीं वर्षें तो एकामागून एक अशीं मोजीत गेला कीं बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. अर्जुन ऐकतां ऐकतां एकेक पाऊल मागें सरत होता. युद्ध झालें तेव्हां त्याचें पडणें सर्वांना न्याय्य वाटलें.

सकाळीं दहीकाला झाला, हंडी फुटली आणि मंडळी पुढच्या गांवीं निघाली. “रातचो राजा, सकाळीं डोक्यार बोजा” अशी आमच्याकडे म्हणच आहे. रात्रींचा अर्जुन डोक्यावर पेटारा घेऊन पाणंदीनें चालला होता आणि त्याच्या मागोमाग मृदंग खांद्याला लावून तो मुलगा. मी धांवत गेलों आणि विचारलें, “तुम्ही त्याला मुद्दाम सांगितलेंत ना?” म्हातारा थांबला, पेटारा सांवरला आणि म्हणाला, “अरे झिला, तेची तरवार उठली नाय, तर माका मरण खंयसून येतलां?”

श्रोतेहो, लढणाऱ्या नटाची याहून चांगली व्याख्या मला अद्याप कोठें भेटलेली नाहीं. जगांतील प्रत्येक युद्धांत शत्रूची तरवार बोथट व्हावी अशी इच्छा असते. या एकाच युद्धांत प्रतिपक्षाचें शस्त्र तीक्ष्ण राहावें म्हणून योद्धा झटतो. कारण प्रतिस्पर्धी दुबळा ठरला तर विजय खोटा होतो आणि पराभवही खोटा होतो. शेवट ठाऊक असूनही लोक बसतात, ते तो शेवट त्यांच्यासमोर पुन्हां एकदां खरा ठरावा म्हणून.

आम्ही शहरांतील सुशिक्षितांनीं या वीरांना फारसा न्याय दिलेला नाहीं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें तें कर्नाटकांतील भागवत मंडळींच्या खेळांपासून स्फूर्ति घेऊन. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस ‘अल्लल्डुर्र’ अशी आरोळी ठोकून येत, तरवारी नाचवीत, आणि मृदंग तागडथोम वाजे. पुढें रंगभूमि सुधारली आणि त्या खेळांना ‘तागडथोम’ हें नांव ठेवून आम्हीं तीं हंसण्यावारी नेलीं. आरोळी आमच्या लक्षांत राहिली. आरोळीपूर्वींचा वाद आम्ही विसरलों.

आज दशावताराचें कौतुक होतें, हें मला मान्य आहे. २०२५ सालीं ‘दशावतार’ नांवाचा मराठी चित्रपट निघाला आणि त्यांत दिलीप प्रभावळकर यांनीं वृद्ध दशावतारी नट रंगविला. तो पाहून पुष्कळांना या खेळाचें नांव प्रथमच कळलें. पेटारा आतां डोक्यावरून नव्हे, तर गाडींतून जातो, ही तर आनंदाचीच गोष्ट आहे. २०२० आणि २०२१ या सालीं करोनाच्या सांथीनें जत्रा ओस पडल्या, तोही घाव मंडळ्यांनीं सोसला. मला भीति वाटते ती निराळ्याच गोष्टीची. शहरांत खेळ बोलवितांना आम्ही दोन तासांची मर्यादा घालतों. मग नट प्रथम काय गाळतो? वाद गाळतो. विजेच्या करामती आणि धूर राहतो, गिरक्या राहतात, तरवारींची खणाखण राहते. अडखळण्यास वेळच उरला नाहीं, म्हणजे सांवरून घेण्याचें कारणही उरत नाहीं. आणि त्या म्हाताऱ्यानें त्या मुलाला जें दिलें तें देण्याची जागाच नाहींशी होते. संहिता लिहिलेली नाहीं, तेव्हां एकदां नटांच्या जिभेवरून उतरलेलें कोणत्याही ग्रंथालयांतून परत मिळावयाचें नाहीं.

म्हणून माझी विनंति एवढीच आहे. हिंवाळ्यांत कोंकणांत जाल तर कुणकेश्वराचें दर्शन घ्या, समुद्र पाहा, आणि एखाद्या आडगांवच्या जत्रेंत एक रात्र पहांटेपर्यंत बसा. एखादा तरुण राजा मध्येंच थांबला तर हंसूं नका. त्याच्यासमोरच्या शत्रूकडे पाहा. तो काय बोलतो तें कान देऊन ऐका. येत्या जत्रेला मी भाच्यालाही घेऊन जाणार आहें. त्याच्या बाहुल्या तो बरोबर आणील कीं नाहीं, तें मला ठाऊक नाहीं. झोंप आवरून तीन वाजेपर्यंत बसण्याचें वचन मात्र मीं त्याच्याकडून घेतलें आहे.